चौतीस वर्षांचा ग्रीक राजा

नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि मंजिरी दुसानेच्या अंगातलं ते बळ संपत आलं होतं. गेली अकरा वर्षं ती नाशिकच्या धातुकाल पडताळणी केंद्रात बसून रोज चार-पाच माणसांना सांगत आली होती, की तुमच्या घरातली जुनी वस्तू जुनी नाही. पहिली दोन-तीन वर्षं ती माणसांना बसवून घ्यायची, पाणी विचारायची, बाबापुता करून समजावायची. आता ती नुसता कागद पुढे सरकवायची आणि बोटानं सहीची जागा दाखवायची. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि त्याचाही तिला आनंद होत नव्हता.

सोमवारी पहिला नंबर चांदवडच्या ठकूबाई गांगुर्ड्यांचा लागला. त्यांनी रुमालाची गाठ सोडून खंडोबाचा टाक काढला. टाक म्हणजे देवघरात पुजतात तो चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला देव ठोकून उठवलेला.

"नीट बघा बरं का बाई. सात पिढ्यांचा देव हाय आमचा."

केंद्रातल्या वय सांगणाऱ्या यंत्रानं, काट्यानं, वीस मिनिटं घेतली आणि आकडा दाखवला.

"बावीस वर्षं, आजी."

ठकूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बावीस म्हंजे आमच्या परकासच्या लग्नाचं साल. तवा सासूबाई एकट्याच देव घिऊन सोनाराकडं गेल्या व्हत्या, उजळायला." मग दातओठ खात त्या म्हणाल्या, "म्हातारीनं इकला गं! जुना टाक इकला आन् ह्यो नवा आणून ठिवला. आन् मी येडी, मरस्तवर तिचं सगळं अंथरुणात केलं!"

मंजिरीनं कागद पुढे सरकवला.

हे लग्नाचं साल तिनं हजारदा ऐकलं होतं. घरात लग्न निघालं की देव सोनाराकडे नेऊन उजळून आणायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. काटा नेमकं तेच साल दाखवायचा, आणि लोक आपापलं शहाणपण चालवायचे: लग्नात हात आखडला असेल, जुने देव विकले असतील, हलके नवे करून आणले असतील. कुणी सासूला चोर ठरवलं, कुणी थोरल्या भावाला. 'लग्नात देव विकलेलं घर' अशी शिवीच होऊन बसली होती. आणि जिथे घरच्यांवर आळ घ्यायची हिंमत नव्हती, तिथे सोनार होताच. सोनार आईच्या नथीलाही सोडत नाही, असं लोक म्हणतातच की.

काट्याचं खरं नाव भलतंच लांबलचक होतं. वजनाच्या धर्मकाट्यावरून लोकांनी त्याचा काळकाटा केला. त्याचं शास्त्र मात्र शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं साधं होतं. निव्वळ चांदी फार मऊ, म्हणून नाणं असो की टाक, तिच्यात थोडं तांबं असतंच. धातूचा रस झाला की तांबं त्यात विरघळतं, आणि तो झटकन निवला की जागच्या जागी अडकून पडतं. पण तिथं त्याला करमत नाही. चांदी आतून सलग नसते. बारीक कण एकमेकांना लागून असतात, शेताला शेत लागून असावं तसे. अडकलेलं तांबं वर्षानुवर्षं मुंगीपेक्षाही हळू सरकत त्या कणांच्या बांधावर येऊन बसतं. हजार वर्षांत तो बांध केसाच्या सत्तराव्या भागाइतका रुंद होतो. काटा नाण्याला ओरखडाही न काढता तो बांध मोजायचा आणि साल सांगायचा.

याच्या आधी खोटी नाणी पाडणारे फार सोकावले होते. जुनी झिजलेली चांदी घ्यायची, वितळवायची, तिची दुर्मीळ नाणी पाडायची. धातू खरोखरच जुना, त्यामुळे जुन्या सगळ्या चाचण्या गप्प. काळकाट्यापुढे मात्र त्यांची मात्रा चालेना, कारण रस झाला की तांब्याचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे यंत्र परदेशात तयार झालं. जमिनीतून थेट निघालेल्या आणि संग्रहालयांच्या खणांत पडून असलेल्या तीन हजार नाण्यांवर ते पारखून घेतलं होतं. त्याच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'शेवटच्या वितळणीपासूनचा काळ.' मग कायदा आला, शंभर वर्षांवरच्या वस्तूंची नोंदणी आली, आणि मंजिरीला ही खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीपायी तिचं माहेर तुटलं. सिन्नरला दुसान्यांचं सराफी दुकान तीन पिढ्यांचं. वडील, अण्णा, वारले, आणि दोन वर्षांतच लोक केंद्राचे कागद घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. 'तुझ्या बापानं आमचे देव बदलले,' म्हणाले. कागदावर सही मंजिरीची. कुणीतरी पाटीवर डांबर फासलं. धाकट्या भावानं, नंदूनं, फोन केला आणि एवढंच विचारलं, "ताई, तुला काय वाटतं?" मंजिरी म्हणाली, "काटा खोटं बोलत नाही, नंदू." त्या दिवसापासून सहा वर्षं बहीणभावांत एक शब्द नव्हता. नंदूनं दुकान बंद केलं आणि एका कारखान्यात भांडारपालाची नोकरी धरली. आणि खरं सांगायचं तर मंजिरीनंही मनातल्या मनात अण्णांना दोषी धरून टाकलं होतं. आकडेच तसे होते. ती रडली नाही, कुणाशी बोलली नाही. फक्त घरातल्या भिंतीवरचा अण्णांचा फोटो कपाटात गेला.

ठकूबाई गेल्या आणि दारात अरुंधती गर्गे दिसली. मंजिरीला एकदम आपण उठून उभं राहावं असं वाटलं. अरुंधती गर्गे सरांची मुलगी. मंजिरीला नाणं हातात कसं धरावं हे ज्यांनी शिकवलं ते गर्गे सर.

"बाबांचं नाणं आणलंय," अरुंधती म्हणाली. "शहाऐंशी झाली आता त्यांना. म्हणतात, संग्रहालयाला देऊन टाकू. आणि संग्रहालय म्हणतं, काट्याचा कागद आणा."

मखमलीच्या डबीतलं ते नाणं मंजिरीला डोळे मिटूनही काढता आलं असतं. रुपयाच्या नाण्याहून लहान, अडीच ग्रॅमला जरासं कमी. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल. राजाभोवती ग्रीक अक्षरं: बासिलेओस दिकाइऊ निकागोरू. म्हणजे 'न्यायी राजा निकागोरसचं'. बैलाभोवती तोच मजकूर खरोष्ठी लिपीत, प्राकृतात: महरजस ध्रमिकस, आणि पुढे राजाचं नाव. गांधारातल्या ग्रीक राजांची नाणी अशीच दुभाषी असत. अडचण एकच होती. निकागोरस नावाचा राजा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

जुन्नरच्या बाजूला कुकडीच्या पात्रात एका मेंढपाळाला ते सापडलं, आणि सरांनी दीड वर्ष त्याच्या अभ्यासात घालवलं. तेव्हा मंजिरी त्यांच्याकडे एम. ए. करत होती. सर नाणं कडांना धरून उभं फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ, राजा सरळ, बैलही सरळ. ठसे बसवण्याची ही त्यांची पद्धत. वजन बरोबर. ओमेगा चौकोनी काढलाय, तोही त्या काळचाच. आणि इथे कडेला छिन्नीचा घाव दिसतो? कुण्या सराफानं आत तांबं आहे का ते बघितलंय. आता मला सांग, खोटं नाणं पाडणारा ज्याला गिऱ्हाईक मिळेल असा नावाजलेला राजा घेईल, की कुणी नावही न ऐकलेला?"

सरांनी लेख छापला. सोबतच्या फोटोत नाणं काळ्या पुटांनी माखलेलं होतं. पुढच्या वर्षी एका परिषदेत त्यांनी नाणं प्रत्यक्ष दाखवलं, तर ते लखलखीत. परदेशातल्या एका जाणकारानं लिहिलं, की फोटोतलं नाणं आणि हातातलं नाणं एक नाही. मधे कुणीतरी बदलाबदल केली आहे. सरांनी त्याला उत्तरच दिलं नाही. एक ओळही नाही. त्यानंतर त्यांचे लेख परत यायला लागले, बोलावणी थांबली, आणि पुढे लोक त्यांचं नाव हसून घ्यायला लागले.

मंजिरीनं नाणं काट्यात ठेवलं. वीस मिनिटं दोघी व्यायामाच्या वर्गाच्या, गुडघ्यांच्या, औषधांच्या गप्पा मारत बसल्या. मग आकडा आला.

चौतीस वर्षं. दोन महिने इकडेतिकडे.

"म्हणजे?" अरुंधतीनं विचारलं.

"म्हणजे बनावट," मंजिरी म्हणाली. तोंडाला सवय होती, शब्द निघून गेला.

अरुंधतीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "बाबांनी दीड वर्ष ज्याच्यावर घालवलं ते... चौतीस वर्षं म्हणजे त्यांनी लेख लिहिला तेव्हाचंच की. लोक म्हणणार, त्यांनीच पाडून घेतलं." तिनं पर्स घट्ट धरली. "आता पुढे काय होतं?"

पुढचं मंजिरीला पाठ होतं. आठ दिवसांची मुदत. केंद्रातल्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या नावानं लेखी हरकत घेतली तर फेरविचार. नाहीतर नाण्याला भोक पाडायचं आणि आणणाऱ्याचं नाव बनावट वस्तूंच्या जाहीर यादीत घालायचं. यादी कुणालाही, कुठूनही बघता यायची.

अरुंधती गेल्यावर मंजिरी चहाच्या खोलीत जाऊन बसली. चौतीस वर्षं. आता सत्तेचाळीस चालू आहे, म्हणजे दोन हजार तेरा. दोन महिने इकडेतिकडे, म्हणजे दिवाळी.

"अगं आई गं," ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

त्या दिवाळीत ते नाणं तिच्याच घरी होतं. सर म्हणाले होते, सुटीत घेऊन जा, पेन्सिलीनं चित्र काढ, काढल्याशिवाय डोळा शिकत नाही. हरवू नये म्हणून तिनं ते देवघरात ठेवलं; सिन्नरच्या त्या घरात तेवढीच एक जागा होती जिथं नंदू हात घालायचा नाही. धनत्रयोदशीला ती मैत्रिणीकडे गेली, आणि अण्णांनी दरवर्षीप्रमाणे सगळे देव ताम्हनात घालून दुकानात नेले. ती परत आली तेव्हा नाणं नव्या बंद्या रुपयासारखं चमकत होतं. "केवढं कळकट होतं गं तुझ्या सरांचं नाणं!" अण्णा खुशीत म्हणाले. "त्यांना सांग, मजुरी लावली नाही म्हणावं." मंजिरी रात्रभर रडली. सुटी संपल्यावर तिनं नाणं लिफाफ्यात घालून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून उभी राहिली. सरांनी लिफाफा उघडला, नाण्याकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बरं. चित्र दाखव."

त्यानंतर या गोष्टीचा उच्चार दोघांपैकी कुणीच केला नाही. काळं पूट गेलं, एवढंच नुकसान झालं असं ती समजत आली होती.

पण उजाळा म्हणजे नुसतं चिंचेनं घासणं नव्हे. सोनाराची पोर ती, तिला काय माहीत नव्हतं? अण्णा आधी चांदी भट्टीत धरायचे, लाल होईपर्यंत. मग ती चिंचेच्या पाण्यात सोडायचे, चर्र आवाज व्हायचा, आणि चांदी पांढरीशुभ्र निघायची. रस होत नाही, ठसा हलत नाही, देवाचं नाकही बोथट होत नाही. पण लाल होते. आणि लाल झालेल्या चांदीत बांधावरचं तांबं पुन्हा विरघळतं. हे धातूचं शास्त्र ती अकरा वर्षं नव्या लोकांना शिकवत आली होती. घरातलं ज्ञान घरात राहिलं आणि पुस्तकातलं पुस्तकात. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. यंत्र बनवणाऱ्यांना तरी काय म्हणायचं? माणसं दर लग्नाला देवाला विस्तवात घालतात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

ती उठली आणि प्रयोगशाळेत गेली. काट्याशेजारी कुलपाच्या पेटीत एक राणीछाप रुपया असायचा, अठराशे पंच्याऐंशीचा. रोज सकाळी काटा आधी त्याच्यावर लावून बघायचा; एकशे बासष्ट आलं की काटा ठीक. तिनं तो चिमट्यात धरला आणि बर्नरच्या ज्वाळेवर लाल केला. पाण्यात सोडला. पुसून काट्यात ठेवला.

केंद्राचे संचालक साळुंके नेमके तेव्हाच आत आले. "मॅडम, जळकट वास कसला येतोय?" मग त्यांचं लक्ष रिकाम्या पेटीकडे गेलं. "मानकाचा रुपया कुठाय?"

"थांबा वीस मिनिटं," मंजिरी म्हणाली.

साळुंके चिडून, कटकट करत थांबले. आकडा आला: शून्य.

माणूस हुशार होता, त्याला फार सांगावं लागलं नाही. ते स्टूल ओढून बसले. "म्हणजे उजाळा दिलेली प्रत्येक वस्तू..."

"हो. काटा वितळणीचं साल सांगत नाही. शेवटी सोनाराकडे कधी गेली, ते सांगतो."

"आजवर किती कागद गेलेत आपले?"

"एकोणीस हजारांच्या वर."

साळुंक्यांनी कपाळाचा घाम पुसला. मग ते अगदी हळू, समजावणीच्या सुरात बोलले. "हे बघा मॅडम. तुमचे सात महिने राहिलेत. तुमच्या सरांचं नाणं ना? त्यावर 'नमुना अपुरा' असा शेरा मारू. यादीत नाव नाही, भोक नाही, प्रश्नच मिटला. बाकीचं मी यंत्रवाल्यांना कळवतो, आतल्या आत. लोकांना आता सांगून काय होणार? घरं तुटायची ती तुटली. उगाच आगीत तेल कशाला?"

मंजिरीला तो माणूस वाईट वाटला नाही. तीही इतकी दमली होती, की 'नमुना अपुरा' हे दोन शब्द तिला गादीसारखे वाटले. लिहावेत आणि पडून राहावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरांकडे गेली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. सर खिडकीपाशी खुर्चीत शाल घेऊन बसले होते. नजर जवळजवळ गेली होती. अरुंधतीनं चहा ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मंजिरीनं सगळं सांगितलं. देवघर, ताम्हन, भट्टी. चौतीस वर्षांनी सांगितलं, तेही एका दमात, मधे कुठे थांबलो तर पुढे बोलता येणार नाही या भीतीनं.

सर म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"अगं, मी नाण्यांचा माणूस. भट्टीत गेलेली चांदी मला कळणार नाही? तू लिफाफा ठेवलास तेव्हाच कळलं. वर तुझे डोळे सुजलेले."

"मग त्या परदेशातल्या माणसाला का नाही लिहिलंत? एवढी बदनामी झाली, सर!"

"काय लिहू?" सर जरासे वैतागले. "विद्यार्थिनीच्या वडलांनी विस्तवात घातलं, असं? तुझं नाव आलं असतं. बावीस-तेवीस वर्षांची पोर तू. परत कुणी तुला नाण्याला हात लावू दिला असता? आणि चूक माझीच. नाणं मी दिलं ना घरी न्यायला. सुटीत, सोनाराच्या घरी, दिवाळीच्या दिवसांत. मलाच कळायला नको होतं?"

मंजिरीला रडू आवरेना. अरुंधती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आईलासुद्धा कधी सांगितलं नाहीत!"

"तिनं विचारलं नाही," सर म्हणाले. "चहा घे, मंजिरी. गार होतोय. आता मला सांग, काट्याला त्या नाण्याचं खरं वय सांगता येईल? काही करून?"

"नाही, सर. सगळं पुसलं गेलंय. आता कुठल्याच यंत्राला सांगता येणार नाही."

"अस्सं." सरांनी डोळे मिटले. "मग 'नमुना अपुरा' लिही नि मोकळी हो. खरं सांगू का? मी थकलोय गं. तो निकागोरस होता की नव्हता, याची मला आता फारशी पडलेली नाही. जेवण पचलं तरी पुष्कळ."

अरुंधती काही बोलणार होती, ती थांबली. मग सरांनीच, सहज विचारावं तसं, विचारलं, "तुझे अण्णा आणखी कुणाकुणाचे देव उजळायचे?"

"अख्ख्या सिन्नरचे."

"मग त्या देवांचं काय केलंत तुम्ही?"

"खोटे ठरवले, सर."

"आणि अण्णांना?"

मंजिरीनं कप खाली ठेवला. "चोर समजले मी. माझ्या बापाला मी सहा वर्षं चोर समजले. त्यांचा फोटो काढून ठेवला. नंदूनं विचारलं तेव्हा त्याला तोंडावर सांगितलं."

सरांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. सांत्वनाचा एक शब्दही ते बोलले नाहीत. त्यांच्यापाशी तेवढी ताकद उरली नव्हती, आणि बहुधा त्यांना ते खोटंही वाटलं असतं.

बुधवारी सकाळी मंजिरीनं हरकतीचा अर्ज भरायला घेतला. आधी नाण्यापुरतं लिहिलं. हे नाणं दोन हजार तेराच्या दिवाळीत माझ्या घरी, माझ्या निष्काळजीपणामुळे, भट्टीत तापवलं गेलं. काट्याचा आकडा त्या दिवसाचा आहे. नाण्याचं मूळ वय यंत्राला सांगता येत नाही. ठशांची दिशा, वजन, अक्षरवळण आणि कडेचा घाव बघता माझ्या मते नाणं अस्सल आहे. पण हे माझं मत आहे, पुरावा नव्हे. एवढं लिहून ती थांबली. इथे सही केली असती तरी सर सुटले असते.

मग तिनं दुसरा कागद घेतला. उजाळ्याची रीत लिहिली, रुपयाचा प्रयोग लिहिला, आणि खाली लिहिलं: घरात पुजल्या आणि वापरल्या जाणाऱ्या चांदीच्या वस्तूंबद्दल या केंद्रानं दिलेले सर्व निर्णय निराधार आहेत. त्यांतल्या बारा हजारांवर माझी सही आहे. हा मजकूर ज्यांना कागद दिले त्या प्रत्येकाला पाठवावा.

साळुंक्यांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, तुमच्यावर चौकशी बसेल. पेन्शन अडकेल. आणि लोक इथे दगड घेऊन येतील, ते वेगळंच."

"येऊ देत."

"तुमची अकरा वर्षं पाण्यात जातील हो."

"ती गेलीच आहेत, साहेब. तुम्ही फक्त पोच द्या."

साळुंक्यांनी पोच दिली, आणि शिक्का मारताना म्हणाले, "माझ्या आईनं माझ्या काकूशी बोलणं टाकलंय. चार वर्षं झाली. तुमच्याच कागदावरून." एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मंजिरी आवारातल्या कट्ट्यावर येऊन बसली. ऊन चढलं होतं. आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसलं काही वाटत नव्हतं. नुसती झोप येत होती. तिनं नंदूचा नंबर लावला. पहिल्यांदा त्यानं कापला. दुसऱ्यांदा उचलला. मागे कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

"नंदू," ती म्हणाली, "अण्णांनी एकही देव बदलला नव्हता. काटा चुकला होता. चुकला म्हणजे, आम्ही चुकीचा वाचत होतो. उजाळा दिला की वय पुसलं जातं. मी लिहून दिलंय आज. सगळ्यांना पत्र जाणार आहे."

फोन कट झाला की काय म्हणून तिनं बघितलं. चालू होता.

"नंदू?"

"हे मला माहीत होतं, ताई," नंदू म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "मला काटा लागला नाही त्यासाठी."

"मला लागला," मंजिरी म्हणाली. "चुकलं माझं."

घरघर चालूच होती. कुणीतरी नंदूला हाक मारली. तो 'आलो' म्हणाला, पण गेला नाही.

"ते पत्र मोठ्या अक्षरांत छापून एक माझ्याकडे पाठव," तो शेवटी म्हणाला. "दुकानावर लावतो."

"दुकान तर तू बंद केलंस ना रे?"

"दुकान बंद आहे," नंदू म्हणाला. "दार आहे अजून."